जिओजेब्रा दहावीच्या वर्गात: कुठे हुकमी, कुठे निव्वळ देखावा

जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या आणि बीजगणिताचे आलेख काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि लॅबमधल्या जुन्या संगणकावरही उघडतं. एवढ्या गुणांवर ते बऱ्याच शाळांत बसवलं जातं, आणि मग त्याचा उपयोग होतो तो फळ्यावरची आकृती पडद्यावर सुबक काढून दाखवण्यापुरता. त्यासाठी हे सॉफ्टवेअर लागत नाही. खडू आणि लाकडी कंपास पुरे. याचं खरं बळ एकाच गोष्टीत आहे. आकृतीतला एक बिंदू धरून ओढायचा आणि काय बदललं, काय तसंच राहिलं ते बघायचं. ज्या धड्यात हे ओढणं कामाला येतं तिथे जिओजेब्राला तोड नाही. जिथे येत नाही तिथे दोरी, फासे आणि कागद सरस ठरतात.

हे परीक्षण त्याच कसोटीवर केलं आहे. समोर धरला आहे महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा अभ्यासक्रम आणि एक प्रोजेक्टर, ६० मुलं, ३५ मिनिटांचा तास असा नेहमीचा वर्ग. गुणच द्यायचे तर भूमितीला पाचपैकी पाच, बीजगणिताला साडेतीन, संभाव्यतेला तीन आणि त्रिकोणमितीला जेमतेम दोन.

आधी काय बसवायचं ते. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास हे सॉफ्टवेअर सुरू केलं. २०२१ मध्ये बायजूजने ते विकत घेतलं. मालकी बदलली तरी शाळेतल्या वापराला पैसे पडत नाहीत. खासगी क्लास चालवणाऱ्यांनी मात्र परवान्याच्या अटी नीट वाचाव्यात, कारण मोफत आहे तो अव्यावसायिक वापर. लॅबसाठी सरळ 'क्लासिक ५' घ्या. दिसायला जुनाट आहे, पण हलकं आहे, मेन्यू जागच्या जागी सापडतात आणि एकदा बसवलं की इंटरनेटची गरज उरत नाही. 'क्लासिक ६' आणि फोनवरची ॲप्स टचस्क्रीनसाठी बरी. भाषांच्या यादीत मराठी आहे, पण सगळंच मराठीत येत नाही. निम्मे शब्द मराठी आणि निम्मे इंग्रजी असला गोंधळ मुलांना दाखवण्यापेक्षा मेन्यू इंग्रजीत ठेवून आकृतीवरचा मजकूर देवनागरीत टाइप करणं सोयीचं. शिक्षकाला स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे धडे आहेत, त्यांत मराठी आवाजातलेही.

पहिल्या तासाला प्रमेय घेऊ नका, 'मोडा बघू' घ्या. मुलांना चौरस काढायला सांगा. बहुतेक जण 'पॉलिगॉन' निवडून जाळीच्या चौकटींवर नेमके चार टिचके मारतात आणि झाला म्हणतात. आता 'मूव्ह'चा बाण घेऊन एक शिरोबिंदू ओढा. चौरसाचा क्षणात वेडावाकडा चौकोन होतो. मग नियम सांगा: कोणताही कोपरा ओढला तरी चौरसच राहिला पाहिजे. त्यासाठी रेषाखंडाला लंब टाकावा लागतो, वर्तुळ काढून तेवढीच लांबी लंबावर घ्यावी लागते, म्हणजे चौरसाचे गुणधर्म आकृतीत बांधावे लागतात. 'रेग्युलर पॉलिगॉन'ची तयार सोय त्या दिवशी वापरू द्यायची नाही. बिंदूंचे रंगही याच तासाला समजावून द्या. गडद निळा मोकळा, फिकट निळा कशावर तरी बसलेला, काळपट म्हणजे इतरांवर अवलंबून. पुढे आकृती का बिघडली याचं उत्तर दहापैकी आठ वेळा या रंगांतच सापडतं.

जिओजेब्राचा सगळा पैसा वसूल होतो तो वर्तुळाच्या धड्यात. (पैसा दिलेला नाही, हे मान्य.) आंतरलिखित कोनापासून, म्हणजे शिरोबिंदू परिघावर असलेल्या कोनापासून, सुरुवात करा. इथे पहिलीच चूक वर्तुळ काढताना होते. केंद्र आणि परिघावरचा बिंदू घेऊन वर्तुळ काढलं, आणि तोच परिघावरचा बिंदू 'ए' म्हणून वापरला, तर तो ओढल्यावर सरकत नाही, सगळं वर्तुळच फुगतं. म्हणून केंद्र आणि त्रिज्या देऊन वर्तुळ काढा, त्रिज्या ३ घ्या. मग 'पॉइंट' निवडून माउस परिघावर आणा. वर्तुळाची रेघ जाड झाली की टिचकी मारा. असे ए, बी, सी तीन बिंदू घ्या आणि तिन्ही फिकट निळे आहेत ना ते पाहा. रेघ जाड व्हायच्या आधी टिचकी मारली तर बिंदू परिघाच्या शेजारी पडतो, दिसतो मात्र परिघावरच, आणि प्रमेय खोटं ठरतं.

केंद्राला ओ म्हणा आणि सीए, सीबी, ओए, ओबी हे रेषाखंड जोडा. कोन एसीबी आणि कोन एओबी मोजा. आता ओढायचं नाही. आधी वह्यांत अंदाज लिहून घ्यायचा: 'सी' मोठ्या कंसावर फिरवला तर कोन वाढेल, घटेल की तेवढाच राहील? हात वर करून मत घेतलं तर 'सी लांब गेला की कोन लहान होणार' या बाजूला चांगली गर्दी होते. हे उत्तर वेडगळ नाही. बिंदू परिघावर बांधलेला नसता तर ते बरोबरच होतं. म्हणून आधी 'सी' परिघावर फिरवून कोन तसूभर हलत नाही हे दाखवा, आणि मग 'अटॅच/डिटॅच पॉइंट' वापरून 'सी' मोकळा करा. वर्तुळाबाहेर नेला की कोन कमी, आत आणला की जास्त. 'समान कोन करणारे बिंदू एकाच वर्तुळावर का असतात' ही व्यत्यासाची बाजू फळ्यावर सांगून गळी उतरत नाही. इथे मुलं ती स्वतः बोलून दाखवतात.

एक खड्डा ठाऊक असलेला बरा. 'सी' फिरवत फिरवत लहान कंसावर नेला की ५०° च्या जागी क्लासिकमध्ये १३०° ऐवजी २३०° दिसू शकतं. सॉफ्टवेअर कोन नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं, म्हणून हा प्रविशाल कोन. कोनावर उजवी टिचकी मारा, 'प्रॉपर्टीज'मध्ये 'बेसिक' पानावर मर्यादा ०° ते १८०° करा. चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेला) काढतानाही शिरोबिंदू घड्याळाच्या उलट दिशेने घ्या, नाहीतर चौकोनावर टिचकी मारून मोजलेले चारही कोन बाहेरच्या बाजूचे येतात. ही दुरुस्ती तासाच्या आधी करायची, नाहीतर ऐन वेळी प्रमेयाऐवजी मेन्यूच शिकवला जातो.

आता या परीक्षणातली सर्वात कामाची आकृती. दहावीच्या पुस्तकात जीवांच्या अंतर्छेदनाचं, बाह्यछेदनाचं आणि स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं अशी तीन प्रमेयं वेगवेगळी येतात, आणि मुलं ती तीन वेगळी सूत्रं म्हणून घोकतात. जिओजेब्रात त्यांना एकच आकृती लागते. आरंभबिंदू केंद्र धरून त्रिज्या ३ चं वर्तुळ काढा. क्ष-अक्षावर एक बिंदू पी घ्या, अक्षावरच बसलेला, म्हणजे तो आडवाच सरकेल. कुठेही एक मोकळा बिंदू क्यू घ्या. रेषा पीक्यू काढा आणि ती वर्तुळाला जिथे छेदते ते बिंदू ए आणि बी. खालच्या पट्टीत पी ते ए अंतर गुणिले पी ते बी अंतर असा गुणाकार लिहा. आकृती संपली.

पी केंद्रापासून ५ वर ठेवा. रेषा केंद्रातून जाते तेव्हा अंतरं २ आणि ८, गुणाकार १६. आता क्यू ओढून रेषा फिरवा. अंतरं बदलतात, १६ हलत नाही. रेषा कडेला नेत जा. ए आणि बी एकमेकांजवळ सरकतात, अंतरं ३.८ आणि ४.२१ अशी होतात, आणि वर्गातून कुणीतरी '४ आणि ४ होणार' म्हणतं. ती स्पर्शिका, आणि ४ चा वर्ग १६. हाताने नेमकी स्पर्शिका पकडता येत नाही. किंचित पुढे गेलं की रेषा वर्तुळाला चुकते, ए-बी नाहीसे होतात आणि गुणाकाराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. घाबरायचं कारण नाही, 'इथे छेदनबिंदूच नाहीत' एवढंच ते सांगतं. 'टँजंट्स' वापरून पी मधून खरी स्पर्शिका काढा आणि तिची लांबी ४ मोजून दाखवा.

मग पी आत सरकवा आणि प्रत्येक ठिकाणचा गुणाकार वहीत लिहून घ्या. ५ वर १६, ४ वर ७, ३ वर शून्य, २ वर ५, १ वर ८, केंद्रात ९. पी वर्तुळाबाहेर असताना बाह्यछेदन, आत असताना अंतर्छेदन, सगळं एकाच ओळीत. हे आकडे कुठून येतात, हा गृहपाठ. अंतराच्या वर्गातून ९ वजा करायचे आणि वर्तुळाच्या आत चिन्ह सोडून द्यायचं, हे निम्म्या वर्गाला दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडलं तरी उत्तम. पुस्तकात हे या रूपात नाही, परीक्षेतही विचारणार नाहीत. तरी द्यावं.

इथे हुशार मूल कॅल्क्युलेटर काढतं. पडद्यावर ३.२७ आणि ४.८९ दिसतात, गुणाकार येतो १५.९९०३, आणि सॉफ्टवेअर १६ म्हणतं. सॉफ्टवेअर आत संख्या पुढच्या सगळ्या दशांशांसकट धरतं, दाखवताना दोन दशांश स्थळांपर्यंतची जवळची किंमत दाखवतं. याचा त्रास त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेत अधिक होतो. दशांश स्थळं शून्य ठेवली आणि कोन ६४.६, ५७.६, ५७.८ असले तर पडद्यावर ६५, ५८, ५८ येतात, बेरीज १८१. 'ऑप्शन्स'मधल्या 'राउंडिंग'मध्ये निदान एक स्थळ ठेवा आणि हा फरक लपवण्यापेक्षा पाच मिनिटं त्यावरच बोला. आसन्न किंमत म्हणजे काय हे सांगायला याहून चांगली संधी मिळत नाही.

आणखी एक सावधगिरी, आणि ही सॉफ्टवेअरची नाही. आकृती इतकी पटवून देते की 'आता सिद्धता कशाला?' हा प्रश्न येतोच. भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि त्यात सिद्धतेला गुण आहेत, हे उत्तर खरं असलं तरी लंगडं आहे. जास्त चालणारं उत्तर म्हणजे त्यांनाच कारण विचारणं: गुणाकार बदलत नाही तर कोणते दोन त्रिकोण समरूप असले पाहिजेत? आकृतीत दोन रेषाखंड जोडायला सांगा आणि कोन मोजू द्या. त्रिकोण सापडले की सिद्धता लिहिणं ही फक्त मांडणी उरते.

बीजगणितात जिओजेब्रा चांगलं आहे, पण निवडक जागीच. क्रेमर पद्धतीत (दोन समीकरणं सहगुणकांच्या निश्चयकांनी सोडवायची रीत) निश्चयक शून्य आला तर उत्तर निघत नाही, हे मुलं नियम म्हणून पाठ करतात. २ एक्स + ३ वाय = ६ ही एक रेषा घ्या, दुसरी ४ एक्स + के वाय = ८, आणि के हा स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) ०.१ च्या टप्प्याचा. के ५.९ वर छेदनबिंदू (-५७, ४०) आहे. के ६ केला की रेषा समांतर, निश्चयक शून्य, बिंदू गायब. ६.१ वर तो (६३, -४०) ला, पार दुसऱ्या टोकाला उगवतो. छेदनबिंदू पडद्याबाहेर पळतो म्हणून झूम कमी करावं लागतं. तो पळताना दिसणं हाच या कृतीचा गाभा, त्यामुळे आधीपासून झूम कमी करून ठेवू नका. टाइप करताना के आणि वाय यांच्यामध्ये जागा किंवा गुणाकाराचं चिन्ह द्या. जोडून लिहिलं तर सॉफ्टवेअर दोन अक्षरी नवं चल समजू शकतं, आणि स्लायडर हलवूनही रेषा ढिम्म हलत नाही.

वर्गसमीकरणासाठी ए, बी, सी या तीन सहगुणकांचे तीन स्लायडर हा सगळीकडे दिसणारा प्रयोग. तो मुलांच्या हाती दिला की पाच मिनिटांत खेळ होतो आणि हाती काही लागत नाही. एकावेळी एकच स्लायडर हलवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सी हलवला की आलेख वर-खाली जातो आणि क्ष-अक्षाला दोन, एक किंवा शून्य ठिकाणी भेटतो. विवेचकाची किंमत शेजारी दिसत असेल तर तिचं चिन्ह आणि मुळांचं स्वरूप यांचं नातं तिथेच जुळतं. ए शून्यावरून नेताना आलेख क्षणभर सरळ रेषा होतो, तिथे थांबा आणि 'ए शून्य का चालत नाही' हे विचारा. एवढं पुरे. सरळ रेषेच्या समीकरणांचा खेळच हवा असेल तर डेसमॉस या ऑनलाइन आलेख-साधनाचा गोट्या घरंगळवून तारे गोळा करायचा खेळ जिओजेब्रापेक्षा मुलांना अधिक धरून ठेवतो. त्याला इंटरनेट मात्र लागतं.

संभाव्यतेत सॉफ्टवेअर दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी खरे फासे. ३० जोड्या, प्रत्येकीला दोन फासे, २० फेका, म्हणजे वर्गाच्या ६०० फेका. १ ते १२ क्रमांकांचे घोडे फळ्यावर मांडा आणि प्रत्येक जोडीला एक घोडा निवडू द्या. बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. १ क्रमांकाचा घोडा मुद्दाम ठेवायचा, कुणीतरी तो घेतंच. बेरीज ७ साधारण १०० वेळा, २ आणि १२ प्रत्येकी १७ च्या आसपास यायला हव्यात. प्रत्यक्षात ७ ची बेरीज ८५ किंवा ११५ वेळाही येते, आणि तेच बघायचं आहे. फासे बाकावरून खाली पडून वेळ जातो, म्हणून बुटांच्या खोक्याच्या झाकणात टाकायला सांगा. त्यानंतर जिओजेब्राच्या स्प्रेडशीटमध्ये १ ते ६ मधली यादृच्छिक संख्या देणारी आज्ञा दोन स्तंभांत ६०० ओळी ओढायची; एफ-९ दाबलं की नव्या ६०० फेका. आधी हाताने फेकलेलं असेल तरच या बटणाला अर्थ येतो.

त्रिकोणमितीत पडद्यावर काटकोन त्रिकोण फिरवण्यात फार हशील नाही. कोनमापक, नळी, दोरा आणि नटबोल्टचं वजन घेऊन बनवलेलं उन्नत कोन मोजायचं साधन मैदानात नेणं कधीही चांगलं. १० मीटरवरून कोन ४५° असेल आणि मोजण्यात १° ची चूक झाली तर उंचीत सुमारे ३५ सेंटीमीटरचा फरक पडतो. तीच चूक ७०° ला झाली तर सुमारे दीड मीटरचा. म्हणून इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून मोजू देऊ नका. डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायची राहते, हेही आधीच सांगून ठेवा. वर्गात किमती पडताळायला जिओजेब्रा वापरलंच तर अंशाचं चिन्ह टाकायला विसरू नका. क्लासिक ५ मध्ये ते आल्ट आणि ओ दाबून येतं. नुसतं साइन ३० लिहिलं की ०.५ ऐवजी -०.९९ येतं, कारण तो ३० रेडियनचा (कोन मोजायचं दुसरं एकक) साइन असतो.

भौमितिक रचनांचं काय? परीक्षेत कंपास आणि पट्टीच लागते, आणि जिओजेब्रात लंबदुभाजक एका टिचकीत निघतो, म्हणजे नेमकं शिकायचं तेच नाहीसं होतं. यावर इलाज आहे, पण तो फार कमी ठिकाणी वापरलेला दिसतो. क्लासिक ५ मध्ये 'टूल्स'मधून 'कस्टमाइझ टूलबार' उघडा आणि बिंदू, रेषा, रेषाखंड, वर्तुळ, कंपास आणि छेदनबिंदू एवढंच ठेवा, बाकी सगळं काढून टाका. फाइल जतन करून सगळ्या संगणकांवर द्या. आता वर्तुळाबाहेरच्या पी बिंदूतून स्पर्शिका काढायची तर ओपीचा मध्यबिंदू कंसांनीच काढावा लागतो आणि ओपी व्यास धरून वर्तुळही. नंतर पी ओढला की रचना बरोबर आहे की डोळ्यांनी जुळवलेली, ते लपत नाही. वहीतली रचना तपासताना अर्ध्या मिलिमीटरवर वाद होतात, इथे होत नाहीत.

जिओजेब्रा क्लासरूम ही सेवाही मोफत आहे. शिक्षकाचं खातं लागतं. मुलं कोड टाकून, नाव लिहून आत येतात. प्रत्येकाची आकृती शिक्षकाच्या पडद्यावर चालू असतानाच दिसते. नावं लपवण्याची सोय चांगली आहे, कारण चुकलेली आकृती सगळ्यांसमोर घेताना कुणाची ते कळत नाही. पण ३० फोन एकाच हॉटस्पॉटवर बसवले तर तासाचा पहिला भाग कोड टाकण्यातच जातो. खात्याशिवाय आलेलं मूल दुसऱ्या फोनवरून परत आलं तर नवा विद्यार्थी म्हणून दिसू शकतं. इंटरनेट पक्कं असलेल्या लॅबमध्येच हे करावं. दोघांत एक संगणक द्या आणि नियम ठेवा: माउस ज्याच्या हातात त्याने ठरवायचं नाही, शेजारच्याने सांगायचं. पाच मिनिटांनी अदलाबदल.

संकेतस्थळावरच्या तयार कृती लाखोंनी आहेत आणि दर्जा कसाही आहे. पुष्कळशा कृतींत प्रमेयाचं उत्तर मोठ्या अक्षरांत आधीच लिहिलेलं असतं, म्हणजे अंदाजाची मजाच संपली. उघडल्यावर प्रत्येक बिंदू ओढून बघा, काही मोडतं का पाहा, आणि मजकूर झाकता येत नसेल तर सोडून द्या. वरची पीक्यूची आकृती स्वतः काढायला दहा मिनिटं लागतात; तयार कृती शोधून तपासण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

प्रोजेक्टरवर दाखवण्याआधी अक्षरांचा आकार निदान २४ करा, रेषा जाड करा आणि पिवळा, फिकट हिरवा हे रंग टाळा, कारण उजेड असलेल्या वर्गात ते मागच्या बाकापर्यंत पोचत नाहीत. बीजगणिताची डावीकडची पट्टी बंद ठेवा, नाहीतर मुलं आकृती सोडून तिथले आकडे वाचत बसतात. आणि मूळ फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. पहिल्या तुकडीने ओढाताण केलेली आकृती दुसऱ्या तुकडीला तशीच मिळते.